पोटखराबा

सातबाऱ्याचा उतारा ज्यानं कधी हातात धरलाय त्याला पोटखराबा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. जिराईत किती, बागाईत किती हे लिहून झालं की जे उरतं, ज्यात नांगर चालत नाही आणि ज्याच्यावर आकार बसत नाही, ते सगळं त्या रकान्यात जाऊन पडतं. आमच्या गटात १४ गुंठे पोटखराबा आहे. आबा उतारा डोळ्यांशी धरून मोठ्यानं वाचायचे आणि त्या शब्दाशी आले की दर खेपेला तेच म्हणायचे, "पोट लिहिणाराचं खराब झालं आसंल. जमिनीला काय धाड भरली?"

आम्ही हसायचो. आज लिहायला बसलोय ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण त्या १४ गुंठ्यांचा आणि त्याला लागून असलेल्या गायरानाच्या टेकाडाचा निकाल लावण्यात माझा स्वतःचा हात आहे. जेसीबी मी बोलावला होता.

निफाड म्हटलं की बाहेरच्या माणसाला काळी जमीन, गोदावरी-कादवेचं पाणी, द्राक्षाचे मांडव आणि लासलगावचा कांदा एवढं दिसतं. त्यात खोटं काही नाही. पण तालुक्याच्या उत्तरेला, चांदवडच्या हद्दीकडं सरकलात की काळी संपते आणि मुरूम लागतो. मग मुरमाची टेकाडं. त्यांच्या मागं सातमाळ्याची रांग, चांदवडपासून धोडप आणि पुढं सप्तशृंगीपर्यंत, करवतीच्या दात्यांसारखी. आमची वस्ती त्या कडेला आहे. पुढच्या दारातून द्राक्षबाग दिसते, मागच्या दारातून टेकाड.

आबांचा सगळा कारभार पुढच्या दाराचा. जिजीचा मागच्या. (आईला आमच्याकडं जिजी म्हणत.) तिचं माहेर धोडपच्या पायथ्याचं, त्यामुळं सपाटीवर नांदायला आली तरी तिची नजर उंचवट्याकडंच असायची. ते टेकाड उन्हाळ्यात पाहिलं तर तिथं काही नाही असंच वाटायचं. करपलेलं कुसळ, काळे धोंडे, काट्याच्या जाळ्या. आणि मृगाचे दोन पाऊस झाले की जिजी ओटी खोचून वर जायची आणि कुर्डूची कोवळी भाजी घेऊन यायची. त्याच कुर्डूला पुढं भादव्यात पांढरे-गुलाबी तुरे येत, आणि अख्खा उतार त्या तुऱ्यांनी डोलत असे. वईवर कळलावी चढायची. तिच्या पानाचं टोकच वळून आकडा होतं आणि मिळेल त्या काडीला धरतं. फूल आधी पिवळं-हिरवं, मग पाकळ्या उलट्या फिरतात आणि लालभडक होतात. ते घरात आणलं की घरात कळ लागते म्हणून जिजी उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. त्याच्या गड्ड्यात जहाल विष असतं, त्यामुळं पोरांना लांब ठेवण्याची ही जुनी युक्ती असावी असं मला आता वाटतं. टेकाडाच्या मागच्या घळीत, जिथं ओल टिकायची, तेरडा यायचा. गौराया तेरड्याशिवाय बसत नसत. आम्हाला त्याच्या शेंगांचं वेड होतं. पिकलेल्या शेंगेला नुसता हात लागला की टचकन फुटून बी अंगावर उडायचं.

नवरात्रात तरवड. घटावर सोडायच्या माळेला तरवडाची पिवळी फुलं लागत, आणि ती आणायचं काम माझं. तरवडाला शेळी तोंड लावत नाही म्हणून तो माळावर टिकतो. त्याच्या सालीवर पूर्वी कातडी कमावली जायची. मोटेच्या दिवसांत मोटेचं कातडं, जोड्याचं कातडं, सगळं तरवडाच्या सालीत मुरलेलं. म्हणजे ज्या पाण्यावर बागाईत झालं, ते पाणी विहिरीतून वर काढणारं चामडं ह्या पोटखराब्यातल्या झुडपानं टिकाऊ केलं होतं. हे कुठल्या उताऱ्यावर लिहिलेलं नाही.

मामाकडं गेलं की याच्याही वरचं पाहायला मिळायचं. शिमग्याच्या सुमाराला धायटी फुलायची. पानं कमी आणि फांद्यांना लाल नळ्यांचे झुपके. आम्ही नळी तोडून चोखायचो, थेंबभर गोड लागायचं. ती फुलं वाळवून वैद्य लोक आसवा-अरिष्टात घालतात, ते आंबवायला. भादव्यात धोडपच्या अंगाखांद्यावर सोनकी, इतकी पिवळी की ढग उतरला तरी डोंगर उजेड देतोय असं वाटे. मामा मेंढरं राखायचा. गवतातून खरपुडीचा बारीक वेल हुडकून तिचा गड्डा उकरून द्यायचा, आणि अर्धा गड्डा परत मातीत दाबायचा. "पुढल्या साली काय खाशीन?" म्हणायचा.

ही खरपुडी म्हणजे शास्त्रवाले ज्याला कंदीलपुष्प म्हणतात त्या कुळातली. या कुळातलं एक फूल आमच्याच जिल्ह्यात, त्र्यंबकजवळच्या अंजनेरीवर सापडलं आणि २००६ साली त्याची नवीन जात म्हणून नोंद झाली. त्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. गवतात उभं राहणारं वीतभर रोपटं. फुलाच्या नळीत बारीक माशी शिरते, आतले केस खालच्या दिशेला वळलेले म्हणून तिला बाहेर पडता येत नाही, आणि केस सुकले की फूल तिला सोडून देतं, परागासकट. अशी कारागिरी गवतात लपलेली असते. आणि त्याच डोंगराच्या माथ्यापर्यंत मोटाररस्ता न्यायची भाषा मधल्या काळात झाली. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून ती थांबली. अंजनेरीला निदान ओरडणारे तरी मिळाले. आमच्या टेकाडाला कोण?

आता जेसीबीचं.

साल २०१९. राज्यात त्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडांची हाक होती. त्याआधी २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी असं चढत आलेलं. गावोगाव खड्डे मोजले जात होते. शहरातली एक कंपनी आमच्या गावाला जोडून घ्यायला आली. रोपं त्यांची, टँकर त्यांचा, जागा आमची. मी तेव्हा गावच्या समितीवर होतो. माझी छाती फुगली. जागा कुठली, तर गायरानाचं टेकाड, "तसंही उजाडच आहे." हे वाक्य माझं आहे. इतिवृत्तात असेल.

साहेब लोकांना ओळ सरळ हवी होती, फोटोत ओळ दिसली पाहिजे. ओळीत तरवडाची झुडपं येत होती, हेकळ येत होतं, बोरीच्या जाळ्या येत होत्या. ते सगळं आधी जेसीबीनं साफ केलं. एका दिवसात. घळीच्या तोंडाशी एक हेकळ होतं, आबांच्या लहानपणी होतं तेवढंच ते माझ्या लहानपणी होतं, म्हणजे वय काय असेल सांगता येत नाही. ते उपटलं तेव्हा त्यातून फुलोरी माश्यांचं हाताच्या पंजाएवढं पोळं खाली पडलं. जेसीबीवाल्यानं मध बोटानं चाटला. मीही चाटला. जिजी मागच्या दारात उभी होती, तिला तोवर कमी दिसायचं. "काय पडलं रं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "काय नाय, काट्या."

टी-शर्ट घातलेली दोनशे माणसं आली, एका सकाळी सगळं लावून गेली. जास्त करून गिरीपुष्प, ज्याला आपण उंदीरमारी म्हणतो. थोडे गुलमोहोर, थोडे करंज, फोटोपुरते दोन वड. पहिला उन्हाळा टँकर आला. दुसरा उन्हाळा टँकर आला नाही. करंज, गुलमोहोर गेले. उंदीरमारी जगली, कारण ती कुठंही जगते. तिला आमची शेळी तोंड लावत नाही. तिच्या पानांच्या थरातून कुसळही नीट वर येत नाही. आणि जिथं जेसीबीनं माती उलथली तिथं काँग्रेस गवतानं गादी घातली. मधल्या मोकळ्या पट्ट्यात घाणेरी शिरली. कुर्डूचा उतार गेला. तेरड्याच्या घळीत उलथलेला मुरूम वाहून आला आणि ती बुजली. वरून ड्रोनमधून बघितलं तर टेकाड आता पहिल्यापेक्षा हिरवं दिसतं. तो फोटो कंपनीच्या पुस्तकात छापून आलाय.

माझं भांडण इथं आहे. हिरवं दिसलं की आपण टाळ्या वाजवतो. कुठलं हिरवं, कुणाच्या जागेवर, कुणाला काढून, हे विचारत नाही. आणि विचारायचं नाही याची सवय आपल्याला कागदांनी लावली. इंग्रजाला ज्यावर सारा बसत नव्हता ती जमीन त्यानं पडीक म्हटली. इंग्रज गेला, शब्द राहिला. १९८५ साली दिल्लीत पडीक जमिनींच्या विकासाचं राष्ट्रीय मंडळ निघालं. उपग्रहावरून देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे काढतात, त्यात झुडपांची जमीन, दाट असो की विरळ, पडीकच्या हिशोबात धरतात. झाड असलं तर जंगल, पीक असलं तर शेत, आणि झुडूप असलं तर रिकामं. चार फूट उंचीची वस्तू मोजायला आपल्याकडं मापच नाही.

पाऊस तरी बघा. याच नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि आमच्याकडं पाचशेच्या आसपास. इगतपुरी-त्र्यंबककडं झाडी माजते, कारवीची रानं आहेत, सात वर्षांनी एकदा फुलणारी, तिच्या काठ्यांचे कुड करून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरं उभी केली. आमच्या पाचशे मिलिमीटरात मुरमावर जे उगवतं ते तरवड, हेकळ, बोर आणि गवत. ते जंगल व्हायचं राहून गेलेलं नाही. तिथल्या पाण्याला आणि तिथल्या मातीला तेवढंच पेलतं, आणि ते पुरतं. त्याच्या जागी टँकरवर वाढणारं झाड लावायचं म्हणजे जिथं प्यायला टँकर येतो तिथं त्याला अजून एक तोंड जोडायचं.

लोक म्हणतात, "भाऊ, तू द्राक्षवाला. द्राक्ष कुठलं देशी? थॉमसन काय तुझ्या आज्यानं शोधली का?" बरोबर आहे. मिरची परदेशी, टोमॅटो परदेशी. रानात खरचटलं की जिजी ज्या जखमजोडीचा पाला चोळायची ती एकदांडीसुद्धा अमेरिकेतून आलेली. परदेशी म्हणून माझा कुणावर राग नाही. गिरीपुष्पाचा पाला बांधावर लावून शेतात टाकला तर उत्तम खत आहे, तेही मान्य. माझं द्राक्ष माझ्या तारेवर असतं, मी नसलो तर दोन वर्षांत मरतं, ते टेकाडावर चढत नाही. घाणेरी शोभेचं झुडूप म्हणून गोऱ्यांनी बागेत आणली होती. आज ती कुठल्या बागेत आहे ते सांगा, आणि कुठल्या डोंगरावर नाही तेही सांगा.

आणि द्राक्षाचा विषय काढलाच आहे तर पुरता ऐका. आपल्या बागांत वर थॉमसन असते, पण जमिनीत मूळ कुणाचं असतं? डॉगरिजचं. खारं पाणी, चुनखडी, पाण्याची ओढ, यापुढं थॉमसनचं स्वतःचं मूळ टिकेना म्हणून आपण सगळ्यांनी डॉगरिजवर कलम भरायला सुरुवात केली. हे डॉगरिज म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सासच्या रानटी वेलाचं वाण. नावातलं 'रिज' म्हणजेसुद्धा डोंगराची धारच. त्याच्याही आधी, गेल्याच्या गेल्या शतकात, युरोपातल्या द्राक्षबागा मुळावरच्या किडीनं बसल्या तेव्हा त्याही अमेरिकेतल्या रानवेलींच्या मुळांवर परत उभ्या राहिल्या. कुणीतरी त्या वेली 'पोटखराबा' म्हणून जेसीबीनं काढल्या असत्या तर? निफाड तालुक्याचं निर्यातीचं द्राक्ष दुसऱ्याच्या माळावरच्या रानटी मुळावर उभं आहे, आणि आपण आपल्या माळावरचं रानटी उपटून फोटो काढतोय. मी कृषी प्रदर्शनात हे बोललो तर लोक हसले. पुढच्या स्टॉलवर तणनाशकाच्या कॅनवर कॅन फुकट होता.

कांद्याचं तर आणखी जवळचं आहे. आमच्याकडं दरसाल बियाण्यासाठी डोंगळे लावतात. पौष-माघात गोंडे फुलतात. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर मागाहून तयार होतं. म्हणून एका फुलाचं दुसऱ्याला न्यायला माशी लागते. माशी नाही तर गोंडा भरत नाही. आबांच्या वेळी डोंगळ्याच्या वाफ्यात उभं राहिलं की भुणभुण कानात बसायची. आता आम्ही सकाळी सकाळी मजुरीच्या बाया लावून गोंड्यांवरून मऊ फडकी फिरवतो, किंवा कुठून तरी माश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतो. माशी कांद्याचा मोहोर महिनाभर खाईल. उरलेले ११ महिने तिनं काय खायचं? भादव्यात कुर्डू आणि बोरीचा फुलोरा, अश्विनात तरवड, थंडीत हेकळ, शिमग्यात धायटी, हा तिचा शिधा होता. आणि फुलोरी माशीला पोळं टांगायला काटेरी जाळीच लागते, वाऱ्याआड, शेळीच्या तोंडाला न लागणारी. हे सगळं एका टेकाडामुळं झालं असं मी म्हणत नाही. आपण बागेवर किती फवारे मारतो हे आपल्याला माहीत आहे, आणि त्यात माझाही पंप आहे. पण ज्या माशीला मी औषधानं मारतो तिला पळून जायला जागाही मीच काढून टाकली, हे तर माझं मला दिसतं.

जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला वाटेल, ह्या माणसाला फुलांचं वेड लागलंय. तसं नाही. फुलांचं वेड तुम्हाला आहे. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारसा झालं, तेव्हापासून आमच्या गावातूनसुद्धा गाड्या भरून जातात, तिकीट काढतात, फुलांत बसून फोटो काढतात आणि परत येऊन बांधावर ग्लायफोसेट मारतात. आमच्याच तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर २०२० साली रामसरच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. रोहित बघायला दुर्बिणी घेऊन माणसं येतात, मलाही आनंद आहे. पण ज्याच्याकडं यायला कुणी पैसे देत नाही, जे बघायला खाली वाकावं लागतं, त्याचं काय? ते यादीत नाही, म्हणजे ते नाही?

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या १४ गुंठ्यांवरची उंदीरमारी काढली. नुसती तोडून भागत नाही, फुटते, मुळासकट खणावी लागते. काँग्रेस गवत फुलायच्या आधी उपटतोय, हातमोजे घालून, कारण अंगाला खाज सुटते. नवीन काही लावलेलं नाही. हेकळाच्या जुन्या खोडाच्या जागी तीन फुटवे आलेत, गुडघ्याएवढे. तरवड आपोआप आला. कुर्डू थोडा आहे. तेरडा आला नाही. त्याचं बी घळीच्या पोटात कुठं दबलंय की संपलं, माहीत नाही. गौरायांना मागच्या वर्षी बाजारातून जुडी आणली, सुरगाण्याकडच्या बाया घेऊन बसतात. शेजारच्या मखरात प्लास्टिकचा होता, आणि तो जास्त ताजा दिसत होता.

शेजाऱ्याशी वाद चालू आहे. त्याचं म्हणणं, "तुझ्या त्या जंगलातून माझ्या बागेत मिलीबग येतो. तू तण पाळू राहिला, भोगू आम्ही राहिलो." तणावर मिलीबग राहतो ही गोष्ट खरी आहे, म्हणून बागेच्या कडेचं काँग्रेस गवत मी पहिलं काढतो. तरवडावर मी शोधला, मला दिसला नाही. त्याला दाखवायला घेऊन गेलो तर तो आत यायला तयार नाही, पायात काटे मोडतात म्हणतो.

आता त्या टेकाडाच्या उरलेल्या अर्ध्या भागासाठी दुसऱ्या टप्प्याचा अर्ज आलाय. तीच कंपनी नाही, दुसरी आहे. रोपं बदलून देशी लावू म्हणतात, वड, पिंपळ, कडुनिंब, आणि मला बोलावून खास सांगितलं की भाऊ, यावेळी सगळं देशी. मी म्हणालो, तिथं देशी आहेच, ते न काढण्याचे किती पैसे द्याल? ते हसले, त्यांना वाटलं मी टक्केवारी मागतोय. तालुक्यात माझ्याबद्दल तसं बोललंही जातंय. बोलू द्या. मागच्या खेपेला इतिवृत्तात "उजाड" हा शब्द मी घातला होता, यावेळी तो खोडून तिथं काय काय उगवतं त्याची यादी जोडा, झाडाझुडपाच्या गावातल्या नावांसकट, असा लेखी अर्ज मी दिलाय. नावं सांगायला गावातल्या तीन म्हाताऱ्या अजून आहेत. चौथी जिजी होती.

ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे. झेंडा झाला की सभा शाळेच्या वऱ्हांड्यात न घेता टेकाडावर घ्या, असंही मी अर्जात लिहिलं. तेव्हा तिथं कुर्डू आणि तरवड फुललेला असतो. लोकांनी आधी बघावं आणि मग हात वर करावा. ग्रामसेवकानं अर्ज दोनदा वाचला, शिक्का मारला, आणि म्हणाला, "पण भाऊ, तिथं बसायला सावली कुठंय?"